वळणावरचा ओटा

४ डिसेंबर १९८८, रविवार

आज सकाळी समोरच्या धुरपताबाई आमच्या दारात पडल्या. म्हणजे दारात नव्हे, रस्त्यात. नेमकं लिहायचं तर आमच्या ओट्याच्या कडेला. भाजी घेऊन येत होत्या. वळणावर मोंढ्याकडं जाणारा कापसाचा ट्रक आला, त्याला चुकवायला एक लुनावाला कडेला घुसला आणि त्याच्या हँडलचा धक्का बाईंना लागला. डावा हात मनगटात मोडला. वय साठीच्या पुढं, पण बाई रडल्या नाहीत. लुनावाल्याला म्हणाल्या, "बाबा, वांगे तेवढे उचलून दे."

मी ओट्यावरच बसलेलो असल्यामुळे सगळं प्रत्यक्ष पाहिलं. माझं निरीक्षण असं की आपल्या लोकांना चालायची शिस्त नाही. आमच्या भिंतीच्या कडेकडेनं नीट येतात आणि नेमकं ओट्यापाशी आले की भर रस्त्यात उतरतात. रोज पाहतो. शाळेच्या पोरी, भाजीवाल्या, सगळे तिथंच उतरतात. का उतरतात, देव जाणे.

हा ओटा मी निवृत्तीनंतर बांधला. शहाबादी फरशी, मागं टेकायला पाठ, वर जास्वंदीची सावली. मोजणी खात्यात उभा जन्म लोकांच्या हद्दी कायम करण्यात गेला. आता स्वतःची बसायची एक जागा असावी, एवढीच इच्छा होती. घरात बसलो की सुमंगला पायाखालून केरसुणी फिरवते. ओट्यावर बसलो की येणारा-जाणारा नमस्कार करतो. साहेब म्हणणारे आता तिथंच उरले आहेत.

यावर उपाय एकच, वळणाच्या आधी गतिरोधक पाहिजे. नगरपालिकेला अर्ज करणार.

७ डिसेंबर, बुधवार

संध्याकाळी ओट्यावर बैठक झाली. आमच्या वॉर्डाचे मेंबर दिवाळीत वारले, त्या जागेची पोटनिवडणूक पंधरा जानेवारीला आहे. खताच्या दुकानाचे भुजंगराव उभे राहायलेत, अशी पक्की खबर आली. या भुजंगरावानं दुकानापुढं पत्र्याचं शेड ठोकून अर्धा रस्ता खाल्ला आहे. युरियाची पोती रस्त्यात आणि हा माणूस म्हणे रस्त्याच्या सुरक्षेवर बोलणार. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते हे असं.

मंडळींनी एकमुखानं मला गळ घातली की चारठाणकर साहेब, तुम्हीच उभे राहा. (बोलला एकच जण. बाकीच्यांच्या तोंडात भजी होती, पण माना हलल्या.) ज्ञानदीप कॉलनीला आज नेतृत्व नाही, ही गोष्ट खरीच आहे. मी विचार करून होकार दिला.

सुमंगलाला सांगितलं. ती डबा भरत होती. "बरं," म्हणाली. "मी धुरपताबाईकडं जायलेय. एका हातानं भाकरी थापता येईना त्यांना." इतक्या मोठ्या बातमीवर बायकांचं एवढंच.

१४ डिसेंबर, बुधवार

घोटाळा झाला. मतदारयादीत माझं नाव नाही.

नाव आहे, पण चारठाण्याच्या यादीत. चुलतभाऊ दर ग्रामपंचायतीला उभा राहतो आणि दर वेळी त्याला एक-एक मत मोलाचं असतं, म्हणून मीच ते तिथं ठेवलं होतं. सुमंगलाचं नाव मात्र इथल्या यादीत ठळक आहे. यादीवाला आला तेव्हा मी गावी होतो. तिनं स्वतःचं नाव सांगितलं आणि माझं सांगितलं नाही. विचारलं तर म्हणते, "तुमीच म्हणला होतात, गावातलं नाव काढू देऊ नको."

मी ओट्यावर डोकं धरून बसलो होतो. धुरपताबाई गळ्यात हात अडकवून आल्या. म्हणाल्या, "त्यात काय एवढं, रावसाहेब. तुमचं नाव न्हाई तर ह्या उभ्या राहतेत की. ह्यांचं हाय." त्या हे बोलत होत्या तोवर माझ्या डोक्यात ती युक्ती आलेलीच होती. उमेदवार सुमंगला, कारभार माझा. गाडी तिची, चालक मी.

तिला बोलावून समजावून सांगितलं. तिनं विचारलं, "मी खरंच उभी राहायची, की नुसती सही करायची?"

मी म्हणालो, "तू सही कर. बाकी मी आहे."

तिनं धुरपताबाईंकडं बघितलं. मग म्हणाली, "सही तर करते." बाई समजूतदार आहे. तिला राजकारणातलं कळत नाही, हे एक बरं आहे.

२० डिसेंबर, मंगळवार

अर्ज मंजूर झाला. दिवसभर बसून भाषण लिहिलं. गतिरोधक, नाल्या, दिवे, सगळं घेतलं आहे. शेवट असा केला आहे: "ज्याने ज्याने रस्त्यावर हातपाय पसरले आहेत, मग तो कोणीही असो, त्याचे बांधकाम निवडून आल्यापासून आठ दिवसांत काढले जाईल." हा बाण थेट भुजंगरावाच्या शेडवर आहे. नाव घ्यायचं नाही आणि घाव बसला पाहिजे, यालाच लेखन म्हणतात.

सुमंगलाला वाचून दाखवलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "कोणीही असो?"

"त्यानं वाक्याला वजन येतं."

"मग राहू द्या. चांगलं वाक्य आहे."

पाठ करून घे म्हणालो तर म्हणाली, झालं पाठ. एकदा ऐकून पाठ झालं म्हणजे लिहिण्यात काहीतरी आहेच.

२७ डिसेंबर, मंगळवार

निशाण्या मिळाल्या. मी सिंह मागा म्हणून सांगितलं होतं. तो यादीतच नाही म्हणे. आम्हाला मिळाली कपबशी. भुजंगरावाला शिडी. त्याचं काय, तो चढणार तरी. कपबशी घेऊन कोणी क्रांती केल्याचं मी ऐकलेलं नाही.

सुमंगलाला मात्र बरं वाटलेलं दिसतं. म्हणाली, "आता कोणाच्याबी घरी चहाला नाही म्हणता यायचं नाही."

३० डिसेंबर, शुक्रवार

प्रचार जोरात आहे. मी ओट्यावरून सूत्रं हलवतो. सुमंगला आणि धुरपताबाई सकाळी निघतात त्या दुपारी येतात. मी त्यांना कुठल्या गल्लीत कोण वजनदार आहे ते कागदावर लिहून देतो. कागद बऱ्याचदा पोळपाटाखाली सापडतो.

आज दोघी नाल्यापलीकडं भीमनगरला जाऊन आल्या. मलाही चला म्हणत होत्या. मी गेलो नाही, ऊन फार होतं. नामांतराच्या दंगलीपासून तो विषय ओट्यावर काढायचा नाही, असा माझा नियमच आहे. कोणाच्या बाजूनं नाही आणि विरोधातही नाही, असं राहिलं की त्रास होत नाही.

"तिथं कोणाकडं बसलात?" मी विचारलं.

"सगळ्यांकडं," सुमंगला म्हणाली. "पाच घरी चहा झाला. त्यांच्या पोरी शाळेला आपल्याच वळणावरून जातेत. तिसरीतल्या एका पोरीनं मला चित्र काढून दाखवलं, आपल्या ओट्याचं."

ऐकून समाधान वाटलं. भीमनगरपर्यंत ओट्याची ख्याती गेली म्हणायची.

१ जानेवारी १९८९, रविवार

नवी डायरी सुरू. एका विमा एजंटानं दिली आहे. दर पानावर खाली आयुष्याच्या अनिश्चिततेबद्दल एक वाक्य छापलं आहे.

लोकांमध्ये ओट्याबद्दल अचानक फार आस्था वाढली आहे. परवा मागच्या गल्लीतल्या दोघी बायका येऊन उभ्या राहिल्या. बघितलं, आपसात काही बोलल्या आणि मला आदरानं नमस्कार करून गेल्या. लाऊडस्पीकरवाला रंगनाथ आज विचारत होता, "काका, ही फरशी सलग बसवलीय का सुटी हाय?" मी म्हणालो, सुटी, पण घट्ट. म्हणाला, "मंग निघंल व्यवस्थित." मी म्हणालो, निघायला कशाला पाहिजे, पन्नास वर्षं हलायची नाही. त्यानं मान डोलावली. धुरपताबाईसुद्धा आल्या की आता हातानं फरशी कुरवाळतात. "लय गार हाय," म्हणतात. "बसून घ्यावं रावसाहेब, जेवढं बसता यील तेवढं."

वयस्कर माणसं, अशीच बोलतात.

३ जानेवारी, मंगळवार

जाहीर सभा ठरवली. शनिवार, सात तारीख, संध्याकाळी पाच, वळणावरच्या मोकळ्या प्लॉटवर. मांडव, दोनशे खुर्च्या, रंगनाथचे दोन कर्णे. सुमंगलानं फक्त नमस्कार करायचा आणि भाषण मी करणार, असं ठरवून टाकलं.

तिला सांगितलं तर म्हणाली, "शनिवारी? शनिवारी अमावस्या आहे."

मला रागच आला. मी म्हणालो, "एकविसावं शतक दाराशी आलं आणि तू अमावस्या काढतेस. मी असल्या गोष्टी मानत नाही."

"तसं नव्हं हो. शनिवारी येळ..."

"वेळ पाचची. मी सगळा विचार करून ठरवली आहे."

"बरं," म्हणाली. आणि विचारलं, "मला नुसता नमस्कारच करायचा असंल, तर मी नसले तरी चालंल का?"

मी म्हणालो, चालेल. खरं सांगायचं तर त्यानं सोयच झाली. बायकोसमोर भाषण करताना मला थोडं अडखळायला होतं.

७ जानेवारी, शनिवार

आज जे झालं ते कोणाला सांगायचं नाही, पण डायरीत लिहिलं पाहिजे.

सकाळी उठलो तेव्हा सुमंगला घरात नव्हती. ओट्यावर आलो तर कॉलनीत शुकशुकाट. दूधवाला नाही. समोर धुरपताबाईंच्या दाराला कुलूप. सगळ्याच दारांना कुलपं. दुपारपर्यंत वाट पाहिली. मला वाटलं, भुजंगरावानं लोकांना धमकावलं.

चार वाजता रंगनाथ कर्णे लावायला आला. त्याला विचारलं. त्यानं हातातला कर्णा खाली ठेवला. म्हणाला, "काका, आज येळवस हाय. मला वाटलं, तुमास्नी ठाव असंल."

वेळा अमावस्या. ज्ञानदीप कॉलनीत निम्म्याच्या वर लोक गंगाखेड-पालमकडचे. त्या दिवशी ती माणसं झाडून सगळी शेतात जातात, आणि ज्यांना शेत नाही त्यांना शेतवाले बोलावून नेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, सगळ्या भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे यांचं जेवण. वाटेनं जाणारालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. आमच्या चारठाण्याकडं हे नाही, त्यामुळे मला कधी लक्षात राहत नाही. सुमंगलाचं माहेर राणीसावरगाव. लग्नानंतर सुरुवातीची काही वर्षं ती या दिवशी माहेरी जाऊ का म्हणून विचारायची. पुढं विचारायची बंद झाली.

खुर्च्या दोनशे आणि माणूस रंगनाथ. तेवढ्यात भुजंगराव आले. ते सेलूकडचे, त्यांनाही येळवस नाही. पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "करा साहेब सुरू. मला काई काम न्हाई."

मागं हटणं माझ्या स्वभावात नाही. मी पूर्ण भाषण केलं. दोन कुत्री आली आणि गेली. शेवटच्या वाक्याला भुजंगरावांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, "लय भारी बोललात. कोणीही असो म्हणलात नं? कोणीही?"

"कोणीही," मी ठासून सांगितलं.

ते ओट्याकडं बघून हसले. मला वाटतं, घाबरलेला माणूस असाच हसतो. मग त्यांनीच कोपऱ्यावरच्या गाड्यावरून दोन प्लेट भजी आणवली. मी खाल्ली. दुपारी घरात कोणी नसल्यामुळे जेवलोच नव्हतो.

८ जानेवारी, रविवार

सुमंगला रात्री दोन टेम्पोभर बायकांसोबत आली. पालमच्या अलीकडं धुरपताबाईंचं शेत आहे, तिकडं गेले होते सगळे. वॉर्डातले दीडशे तरी लोक होते म्हणे, भीमनगरचेसुद्धा. सगळे एका पंगतीत जेवले. भाषण नाही, कर्णा नाही.

"तिथं प्रचार केलास का नाही?" मी विचारलं.

"आंबील वाढली. मग बायकांनी विचारलं, निवडून आल्यावर काय करणार. मी तुमचं शेवटचं वाक्य म्हणून दाखवलं."

"मग?"

"मग धुरपताबाई म्हणाल्या, पहिलं कोणाचं? मी सांगितलं."

भुजंगरावाचं नाव उघड घ्यायला नको होतं, असं मी तिला समजावलं. तिनं डबा माझ्यापुढं सरकवला. माझ्यासाठी पितळी डब्यात भज्जी आणली होती. तशी भज्जी मी बऱ्याच वर्षांत खाल्ली नव्हती. इतकी वर्षं मी तिला येळवशीला का जाऊ दिलं नाही, ते आठवून पाहिलं. काही कारण आठवलं नाही. फारसं चांगलं वाटलं नाही, भज्जी मात्र संपवली.

१४ जानेवारी, शनिवार

संक्रांत. प्रचार बंद झाला आहे. मी सुचवलं की हळदीकुंकवाला वाण म्हणून कपबश्या लुटाव्या, निशाणीही होईल आणि धर्मही. सुमंगला म्हणाली, "ती लाच होईल." सुगडं, बोरं आणि तिळगूळ यावरच भागवलं. बायकांची रीघ संध्याकाळपर्यंत लागली होती. मला ओट्यावरून उठून मागं न्हाणीजवळ बसावं लागलं.

१५ जानेवारी, रविवार

मतदान. सकाळी टीव्हीवरच्या मालिकेच्या वेळात केंद्रावर एक माणूस नव्हता. ती संपली आणि रांग लागली. मी बाहेर झाडाखाली उभा राहून शिस्त लावली. आत जाता आलं नाही. माझं मत चारठाण्याला.

सुमंगला मत देऊन आली. बोटाला शाई. मी सहज म्हणालो, कोणाला दिलंस? ती हसली. बऱ्याच दिवसांनी अशी हसली.

१६ जानेवारी, सोमवार

विजय. भुजंगरावांच्या दुपटीहून जास्त मतं. गुलालानं ओटा लाल झाला. लोकांनी सुमंगलाला ओट्यावर उभं केलं आणि मला हारातलं एक फूल दिलं. तिनं भाषण केलं. तीन वाक्यांचं. त्यातलं शेवटचं माझं.

माझे डोळे भरून आले, ते लिहायला हरकत नाही.

१९ जानेवारी, गुरुवार

सकाळी भुजंगराव आले. हात जोडून म्हणाले, "बाई, शेड काढायला माणसं सांगितलेत. पण आदी तुमचं निघू द्या."

"पहिलं आमचंच," सुमंगला म्हणाली. "शेतातच सांगितलंय मी. येत्या मंगळवारी."

मी विचारलं, आपलं काय निघायचं आहे?

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. समोरून धुरपताबाईसुद्धा. एवढ्या सकाळी रस्त्यात किती लोक उभे होते, ते मला तेव्हा दिसलं. आणि कोणालाच नवल वाटलेलं नव्हतं.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं आहे.

२० जानेवारी, शुक्रवार

तिच्याशी बोललो नाही. मग बोललो. म्हणालो, माझ्याच वाक्यानं माझंच घर पाडतेस? ती म्हणाली, "घर नाही, ओटा. आणि वाक्य तुमचं आहे म्हणूनच. दुसऱ्या कोणाचं असतं तर मी ते नुसतं पाठ केलं असतं."

मी म्हणालो, मला आधी का सांगितलं नाहीस? म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर तुमी ते वाक्य खोडलं असतं."

हे खरं आहे. म्हणून जास्त राग आला.

ओटा हद्दीत आहे, हे मी सिद्ध करणार. रविवारी सगळ्यांसमोर मोजणी करतो म्हणून जाहीर केलं. या जिल्ह्यात मी केलेली मोजणी आजवर कोणी खोडलेली नाही.

२२ जानेवारी, रविवार

अख्खी कॉलनी जमली होती. भुजंगराव खुर्ची घेऊनच आले. मी जुनी टेप काढली, डोक्याला टोपी घातली. कॉलनीचा मंजूर नकाशा मला तोंडपाठ आहे. रस्ता तीस फूट. समोर धुरपताबाईंच्या दाराशी हद्दीचा दगड आहे, तिथून मोजायचं. टेपचं टोक कोणी धरायचं यावर थोडी चर्चा झाली. धुरपताबाईंनी चांगल्या हातात धरलं.

मी मागं मागं चालत आलो. टेप हातात असली की मला माणसं दिसत नाहीत, नुसती हद्द दिसते. कॉलनी दिसेना, भुजंगराव दिसेना. तीस फुटांचा आकडा आला तिथं खडूनं रेघ मारली आणि मग मान वर केली. रेघ ओट्यावर होती. मी रोज बसतो, बरोबर तिथं.

"किती बाहेर हाय, साहेब?" भुजंगरावांनी विचारलं.

मी सांगू शकलो असतो की दगड हलला आहे. नकाशा चुकीचा आहे, टेप ताणली गेली, असं काहीही म्हणता आलं असतं. नोकरीत लोक मला हे सगळं म्हणत आले आणि मी ऐकून घेत आलो. पण तोंडातून निघालं ते असं: "साडेतीन फूट. रस्त्यात."

कोणी हसलं नाही. एवढ्या गर्दीत कोणीही हसलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. सुमंगला पुढं आली, माझ्या हातातली टेप घेतली आणि गुंडाळायला लागली. तिला ती नीट गुंडाळता येते, हे मला माहीत नव्हतं.

२४ जानेवारी, मंगळवार

फरशी रंगनाथनं आणि त्याच्या भावानं काढली. एकही फुटली नाही. पहिला दगड मी काढावा, असं लोक म्हणत होते. मी म्हणालो, माझी कंबर दुखते. ती खरंच दुखत होती.

मी आतल्या खोलीत बसलो. सुमंगलानं पायाखालून केरसुणी फिरवली नाही.

२५ जानेवारी, बुधवार

भुजंगरावांचं शेड गेलं. अपेक्षित आनंद झाला नाही.

२९ जानेवारी, रविवार

सकाळी बसायला जागा नव्हती म्हणून फाटकात उभा होतो. येणारा प्रत्येक जण विचारतो, "बाई हायेत का?" मी सांगतो, मीटिंगला गेल्यात, काम काय ते सांगून ठेवा. सकाळपासून नालीच्या दोन, दिव्याची एक आणि डुकरांची एक तक्रार घेतली.

ओट्याची फरशी सुमंगलानं नालीवर टाकून घेतली आहे, भिंतीला लागून, कोपऱ्यापासून पुढच्या घरापर्यंत. लोक तिच्यावरून चालतात. गतिरोधक अजून मंजूर व्हायचा आहे.

समोरून धुरपताबाईंनी हाक मारली. त्यांचा हात आता सुटा झाला आहे. "रावसाहेब, तिथं उन्हात काय करायलात? हिकडं या. बाज टाकलीय."

गेलो. त्यांच्या दारातल्या बाजेवर बसलो. आमचं घर मी समोरून असं कधी बघितलंच नव्हतं. ओटा होता तोवर मी कायम त्याच्यावरच असायचो. घर चांगलं दिसतं. जास्वंद थोडी छाटावी लागेल. आणि धुरपताबाई डिसेंबरात जिथं पडल्या होत्या, ती जागा इथून अगदी स्पष्ट दिसते.

शाळा सुटली नव्हती, रविवारच होता, पण भीमनगरच्या तीन-चार पोरी कुठूनतरी येत होत्या. वळणाशी आल्या. मोंढ्याकडून ट्रक आला. पोरी भिंतीला धरून फरशीवरून एकीमागं एक चालत राहिल्या. रस्त्यात उतरल्या नाहीत. ट्रक गेला. मी दिवसभर तेच बघत होतो. एकही माणूस उतरला नाही.

"लय गार फरशी हाय," धुरपताबाई म्हणाल्या. "पोरी चपला हातात घेऊन चालतेत."

दुपारी सुमंगला मीटिंगहून आली. तीही त्या फरशीवरूनच आली. फाटक उघडताना तिनं वळून पाहिलं आणि मी दिसलो.

"अहो, तिकडं बसलात होय?" ती म्हणाली. "चहा तिकडंच आणू का?"

मी म्हणालो, "तिघांचा आण. आणि तुझ्यासाठी चार तक्रारी लिहून ठेवल्यात."